‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे म्हणण्यापूर्वी

गुढीपाडव्याच्या जेवणाला वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी भाचा, भाचेसून आणि नुकतीच सहा वर्षांची झालेली त्यांची मुलगी आली होती, आणि जूनमध्ये मुलीला कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालायचे हा विषय श्रीखंडाबरोबरच पानावर आला. गणित आणि विज्ञान मातृभाषेतूनच चांगले समजते हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, असे मी नेहमीच्या खात्रीने सांगून टाकले. भाचेसून एका औषध कंपनीत चाचण्यांच्या आकडेवारीचे काम करते. तिने पुरी वाढता वाढता शांतपणे विचारले, “आत्या, कुठलं संशोधन? आणि कोणाची मातृभाषा?”

मी एकतीस वर्षे वडोदऱ्यातल्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेत गणित शिकवले. ते वाक्य मी त्या काळात पालकसभांतून इतक्या वेळा उच्चारले होते, की त्याला आधार लागतो हेच मी विसरले होते. मूळ शोधनिबंध मात्र मी एकही वाचलेला नव्हता. त्या उन्हाळ्यात मिळतील तेवढे निबंध भाचेसुनेच्या मदतीने वाचून काढले. आकडेवारीचे तक्ते तिने समजावले आणि वर्गात त्या आकड्यांचा अर्थ काय होतो ते मी तिला समजावले.

तिचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो आमच्यासारख्यांचा खास प्रश्न आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत, आणि शक्य तर आठवीपर्यंत, शिक्षणाचे माध्यम म्हणून घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा आणि प्रादेशिक भाषा ही चारही नावे एका दमात घेतली आहेत. पुण्यातल्या मराठी कुटुंबाला ही चार नावे एकाच भाषेची वाटतात. वडोदऱ्यातल्या मराठी घरात मात्र पहिली दोन नावे मराठीची आणि उरलेली दोन गुजरातीची होतात, त्यामुळे धोरण पाळायचे म्हटले तरी नेमके कोणते पाळायचे हे ठरत नाही. मी स्वतः पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड आणि साडेतीनचे पाढे, आजोबांकडून मराठीत पाठ केले आणि शाळेत गुजरातीतून गणित शिकले. घरी बेरजेत ‘हातचा’ घ्यायचा आणि वर्गात ‘वद्दी’. घरच्या मराठी पुस्तकातले ‘त्वरण’ शाळेत ‘प्रवेग’ होत असे, ‘वस्तुमान’ हे ‘दळ’ होत असे आणि ‘चाल’ ही ‘झडप’ होत असे. मी मातृभाषेतून शिकले की परभाषेतून, याचे उत्तर मला आजही देता येत नाही, आणि जगातल्या बहुतेक अभ्यासांतल्या दोन रकान्यांपैकी कोणत्या रकान्यात मला बसवले असते हेही मला सांगता येत नाही.

आता संशोधन. या विषयात आदराने उल्लेखला जाणारा एक प्रयोग नायजेरियातल्या इले-इफे येथे १९७० साली सुरू झाला. त्यात प्राथमिक शाळेची सहाही वर्षे मुलांना सर्व विषय योरुबा या त्यांच्या मातृभाषेतून शिकवले गेले आणि इंग्रजी फक्त एक विषय म्हणून ठेवली गेली. तुलनेच्या वर्गांत पहिली तीन वर्षे योरुबा आणि पुढे इंग्रजी माध्यम होते. योरुबा वर्गांतली मुले पुढे गेली आणि निष्कर्ष जगभर पोहोचला. परंतु त्या वर्गांसाठी नवी पुस्तके लिहिली गेली होती, शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले होते आणि इंग्रजी शिकवायला खास शिक्षक होते. टीकाकारांनी याच गोष्टीवर बोट ठेवले. मला तर ते वाचताना हसूच आले, कारण नवी पुस्तके, ताजे प्रशिक्षण आणि वरून कोणीतरी सतत लक्ष ठेवून आहे ही जाणीव मिळाली असती, तर आमच्या शाळेतला कोणताही वर्ग कोणत्याही भाषेत पुढे गेला असता. यशाचे श्रेय भाषेचे किती आणि उरलेल्या साऱ्याचे किती, हे त्या मांडणीतून वेगळे काढता येत नाही.

हाँगकाँगचा अभ्यास यापेक्षा पुष्कळ कसदार आहे. तेथे माध्यमिक शाळेत काही मुले इंग्रजीतून आणि काही चिनीतून शिकत होती. हर्बर्ट मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची प्रगती काही वर्षे तपासली आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हुशार मुले इंग्रजी शाळांत जातात हे ओळखून त्यांनी मुलांची आधीची गुणवत्ता हिशेबात धरली होती, आणि तरीही इंग्रजीतून शिकणारी मुले इतिहास, भूगोल आणि विज्ञान या विषयांत बरीच मागे पडलेली दिसली. गणितात मात्र हा तोटा किरकोळ होता. आपण ‘गणित-विज्ञान’ हे शब्द जोडूनच उच्चारतो, महाराष्ट्रातल्या सेमी-इंग्रजी वर्गांतही हेच दोन विषय जोडीने इंग्रजीत नेले जातात, आणि येथे पाहावे तर दोन्हींचे वागणे वेगळे. एकतीस वर्षे फळ्यासमोर काढलेल्या मला याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. वर्गसमीकरण मांडून दाखवले की शब्द थोडे मागे सरतात, पण ‘दाब’ आणि ‘बल’ यांतला फरक शब्दांतूनच समजावावा लागतो, आणि बोलीत हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जात असल्यामुळे तो मातृभाषेतही सोपा नसतो. शिवाय हा अभ्यास बारा वर्षांच्या पुढच्या आणि इंग्रजी पुरेशी न येणाऱ्या मुलांचा आहे. न समजणाऱ्या भाषेत शिकवले तर मूल मागे पडते, एवढे तो ठामपणे सांगतो. मी पालकसभेत सांगत होते ते याच्या बरेच पुढचे होते.

मलेशियाने २००३ साली गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये तो निर्णय मागे घेण्याची घोषणा केली. मातृभाषेचे कैवारी हे उदाहरण हमखास देतात, आणि मीही दिले आहे. पण माघारीच्या कारणांत शिक्षकांचेच इंग्रजी अपुरे असणे हे एक मोठे कारण होते. ज्या भाषेत शिक्षक अडखळतो त्या भाषेत विद्यार्थी धावेल कसा, हा प्रश्न माध्यमाच्या प्रश्नाहून वेगळा आहे, आणि माझ्या मते त्याच्याइतकाच मोठा आहे.

मला खरोखर अस्वस्थ केले ते केनियातल्या प्रयोगाने. २०१३-१४ मध्ये झालेल्या या प्रयोगात शाळांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छेने केली होती, म्हणजे भाचेसुनेच्या औषधचाचण्यांत करतात तशी, आणि इफेच्या प्रयोगातली उणीव येथे भरून काढली होती. दोन्ही गटांना प्रशिक्षण, साहित्य आणि पाठांची आखणी सारखीच मिळाली. फरक एवढाच, की एका गटात वाचन-लेखन लुबुकुसू किंवा किकांबा या मातृभाषांतूनही शिकवले गेले. मातृभाषेच्या गटाला इंग्रजी आणि किस्वाहिली या विषयांत दुसऱ्या गटापेक्षा अधिक फायदा झाला नाही, आणि गणितात तर त्यांचे गुण काहीसे कमीच आले. हे वाचून मी तो निबंध दोन दिवस बाजूला ठेवला होता, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवते. गैरसोयीचा पुरावा मिटून ठेवायला वेळ लागत नाही.

तिसऱ्या दिवशी भाचेसुनेनेच त्यातला एक परिच्छेद दाखवला. संशोधकांनी वर्गात बसून निरीक्षणे केली होती, आणि वाचनाच्या तासाला मातृभाषा आली तरी इतर विषयांच्या तासांना शिक्षकांच्या तोंडी ती फारशी वाढलीच नव्हती. तेव्हा ‘मातृभाषेतून गणित शिकवून पाहिले आणि ते फसले’ असा अर्थ या प्रयोगातून काढणेही तितकेच चूक ठरेल. कागदावर लिहिलेले माध्यम आणि फळ्यासमोर बोलली जाणारी भाषा या दोन गोष्टी आहेत, हे शाळेत एक आठवडा काढलेल्या कोणालाही ठाऊक असते. आमच्या शेजारच्या इंग्रजी शाळेत प्रमेय इंग्रजीत वाचले जाते आणि गुजरातीत समजावले जाते. परीक्षेचा पेपर इंग्रजीत निघतो आणि निकालावर ‘इंग्रजी माध्यम’ असा शिक्का बसतो. त्या निकालावरून इंग्रजीची कसोटी लागली की गुजरातीची?

यापेक्षा लहान प्रश्न घेणारे अभ्यास मला अधिक विश्वासार्ह वाटले, आणि त्यांतही संख्यानामांवरचे. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बत्तीस’ हे ‘तीस दोन’ असेही वाचण्याची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात विधिमंडळापर्यंत वाद पोहोचला होता. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी आपली बाजू शांतपणे मांडली, परंतु चेष्टेच्या गदारोळात ती किती जणांनी ऐकली कोण जाणे. वडोदऱ्यातल्या आमच्या मंडळातही त्या पद्धतीची यथेच्छ टिंगल झाली, आणि तीत मी सामील होते.

आता वाचल्यावर कळते की त्यामागे विचार होता. मराठीत आपण ‘बत्तीस’ म्हणताना दोन आधी उच्चारतो आणि लिहिताना तीन आधी लिहितो. जर्मनमध्येही असाच उलटा क्रम आहे, आणि ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना संख्या सांगून लिहायला लावल्या तेव्हा जवळजवळ निम्म्या चुका याच उलटापालटीच्या आढळल्या. हा अभ्यास २००९ चा. चेक भाषेत दोन्ही क्रम प्रचलित आहेत. तेथे तीच मुले उलट्या क्रमाने संख्या ऐकताना या चुका अधिक करताना दिसली. भाषा बदलली की घर, शाळा, आईबापांची परिस्थिती हे सारे बदलते ही एरवीची अडचण येथे उरत नाही, म्हणून मला ही मांडणी फार आवडली.

पण या अभ्यासांची मर्यादाही त्यांच्यातच लिहिलेली आहे. चिनी भाषेत अकराला ‘दहा-एक’ असे म्हणतात. १९९५ साली केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी चिनी आणि अमेरिकी बालकांची तुलना केली, तेव्हा दहापर्यंत मोजण्यात दोन्हीकडची मुले सारखीच होती आणि दहाच्या पुढे अमेरिकी मुले मागे पडली. मात्र थोड्या वस्तू मोजणे किंवा साधी उदाहरणे सोडवणे यांत फरक नव्हता. वेल्समध्ये एकाच प्रदेशातली मुले वेल्श आणि इंग्रजी अशा दोन माध्यमांत शिकतात, आणि वेल्श संख्यानामे चिनीसारखी सरळ आहेत. तेथेही दोन अंकी संख्या वाचण्यात आणि त्यांची तुलना करण्यात वेल्श मुलांना फायदा दिसला, एकूण अंकगणितात नाही. संख्या कशी उच्चारतात याचा परिणाम होतो, पण तो संख्या वाचण्या-लिहिण्यापुरता होतो. एवढे म्हणायला मी आज तयार आहे.

मला या ठिकाणी माझ्या वर्गातला मराठी घरचा एक मुलगा आठवतो. मी गुजरातीत ‘नेव्यासी’ सांगितले की तो हमखास ९९ लिहीत असे. गुजरातीत ‘नेव्यासी’ म्हणजे ८९, पण मराठीत ८९ ला ‘एकोणनव्वद’ म्हणतात आणि त्या मुलाच्या कानाला ‘नेव्यासी’ हा घरच्या ‘नव्याण्णव’चाच भाऊ वाटत होता. भाषा एकमेकींना जवळच्या आहेत म्हणून मुलाला सोपे जाईल असे आपण धरून चालतो. त्याला जवळीकच नडत होती, आणि मला हे समजायला एक अख्खे सत्र लागले.

वडोदऱ्यात माध्यमाची चर्चा निघाली की कोणीतरी कलाभवनाचे नाव घेतोच. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी ते सुरू केले, तंत्रशिक्षण देशी भाषेत आणण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी गुजरातीत पुस्तके तयार करवून घेतली. पुढे १९३१ मध्ये निघालेल्या ‘श्रीसयाजीशासनकल्पतरू’ या कोशात राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले गेले. याचा अभिमान मला आहेच. परंतु परभाषेतून शिकलेला कारागीर आणि स्वभाषेतून शिकलेला कारागीर यांची तुलना त्या काळी कोणी केली नव्हती. आपल्या भाषेत विज्ञान आणण्याची इच्छा आणि ऐपत या शहरात होती, एवढे त्या इतिहासातून दिसते. त्याने मुलांना किती अधिक समजले, हा निराळा प्रश्न आहे.

गणित मराठीतून शिकवले जावे असे मला आजही वाटते. आजी नातवाला ‘सात साते एकोणपन्नास’ म्हणून दाखवू शकते, घरातले मोठे माणूस अभ्यासाला बसू शकते आणि भाषेत शब्द जिवंत राहतात, ही माझी कारणे आहेत. ती मूल्यांची कारणे आहेत आणि त्यांना संशोधनाचा अंगरखा घालण्याची गरज नाही, हे मला उशिरा कळले. पालकसभेत मी ते दोन्ही एकत्र करून सांगत असे, आणि ऐकणाऱ्या पालकाला त्यांतले वेगळे काढण्याची सोय ठेवत नसे.

मुलीची शाळा शेवटी रिक्षाने ठरवली. मावसबहीण ज्या इंग्रजी शाळेत जाते तेथेच तिलाही घातले, कारण दोघींना एकच रिक्षा पुरते. भाचेसुनेने मला एक वही आखून दिली आहे: मराठी, गुजराती आणि इंग्रजी असे तीन रकाने. दर रविवारी मी तिन्ही भाषांत दहा-दहा संख्या सांगते, मुलगी लिहिते, आणि चूक झाली तर ती कोणत्या जातीची हे आम्ही नोंदवतो. एका मुलीवरून काहीही सिद्ध होत नाही, हे वहीच्या पहिल्याच पानावर भाचेसुनेने लिहून ठेवले आहे.

गेल्या रविवारी मी मराठीत ‘एकोणनव्वद’ म्हटले. मुलीने पेन्सिल थांबवली, ओठांतल्या ओठांत “नाईन्टी… नाही, एटी नाईन” असे पुटपुटली आणि ८९ बरोबर लिहिले. भाचेसुनेने विचारले, “आत्या, हे बरोबर उत्तर कोणत्या रकान्यात लिहायचं?” ती ओळ अजून कोरी आहे.