सुकाणूचा बोल्ट

"ताई, हा बघा तुमचा चकचकीत बोल्ट," म्हणत मिस्त्रींनी तो हातावर ठेवला. डोकं नव्यासारखं. फळीत दडलेला दांडा मात्र कुरतडून काडीएवढा झालेला.

होडीचं सुकाणू खटखटतंय म्हणून पिंटल (सुकाणू ज्यावर फिरतं ती खीळ) आणि त्याची कडी बदलायला घेतली होती. कड्यांची भोकं लांबट झालेली, ते अपेक्षितच. पण बोल्ट?

स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचायला ऑक्सिजन लागतो. फटीत खारं पाणी कोंडलं की तो मिळत नाही आणि स्टील आतल्या आत खाल्लं जातं.

"वाजत होतं म्हणून तुम्ही आलात तरी," मिस्त्री म्हणाले. हे काही डोक्यातून जाईना.

आता सगळेच बोल्ट नवे, भरपूर सीलंट लावून.

पावसाळ्यात होडी वर ओढलेली असताना, न वाजणारा एखादा बोल्ट उपसून बघता का कुणी?