आधी मला प्रश्न विचार

आज रविवार. संध्याकाळी एका बाईंचा ईमेल आला, आणि झोपण्यापूर्वी त्याबद्दल लिहून ठेवावे असे वाटले. त्यांना आपल्या वडिलांची आणि मुलांची एकत्र छायाचित्रे काढून हवी आहेत. त्यांनी लिहिले आहे की, माझ्या वेबसाइटवरचे 'पहिली वीस मिनिटे मी कॅमेरा हातात घेत नाही' हे वाक्य वाचून त्यांना मला लिहावेसे वाटले. ते वाक्य माझेच आहे. पण ते माझ्या तोंडून काढून घेतले एका एआय चॅटबॉटने, आणि हे कसे घडले याची नोंद या वहीत कुठेच नाही.

व्यवसायाच्या प्रसिद्धीसाठी एआयची मदत घ्यायची असे ठरवले, तेव्हा मी सर्वांत सोपी वाट धरली होती. 'मी कौटुंबिक छायाचित्रे काढते, माझ्या वेबसाइटसाठी परिचय लिहून दे,' एवढेच त्याला सांगितले. काही क्षणांत तीन परिच्छेद समोर आले. व्याकरणात चूक नव्हती, 'आयुष्यातील अमूल्य क्षण कायमचे जपण्याची कला' अशी वाक्ये होती आणि मला १५ वर्षांचा अनुभव व अनेक पुरस्कार असल्याचेही त्यात लिहिले होते. मला एकही पुरस्कार मिळालेला नाही आणि माझा अनुभवही इतका मोठा नाही. मी तो मजकूर पुसून टाकला, परंतु असे का झाले याचा विचार पुढे बरेच दिवस चालू राहिला.

अशा चॅटबॉटमागे भाषेची मॉडेल असतात; ती अफाट मजकुरावर शिकवलेली असतात आणि आधी आलेल्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, हे ठरवत वाक्य बांधत जातात. छायाचित्रकाराच्या परिचयात काय येण्याची शक्यता जास्त असते, तर आजवरच्या असंख्य छायाचित्रकारांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलेले. अनुभवाची वर्षे आणि पुरस्कार तशा परिचयांत नेहमी असतात, म्हणून ते माझ्याही परिचयात आले. मी त्याला माझे असे काहीही दिले नव्हते. म्हणून जे सर्वांचे होते, तेच माझ्या पदरात पडले. आपला व्यवसाय इतरांपेक्षा वेगळा कसा, हे सांगण्यासाठीच तर प्रसिद्धी करायची असते, आणि मी नेमके तेच काम अशा साधनाकडे सोपवले होते, ज्याचा स्वाभाविक कल सरासरीकडे असतो.

मग एके रात्री मी सूचना उलटी केली. 'तू काहीही लिहू नकोस. माझ्या कामाबद्दल मला एकेक प्रश्न विचार, माझे उत्तर ऐकून पुढचा प्रश्न ठरव, आणि मी मोघम बोलले तर प्रसंग विचार,' असे त्याला सांगितले. उत्तरे टाइप न करता मी बोलून दिली, कारण लिहायला बसले की माझी भाषा आपोआप जाहिरातीची होते. पहिल्या दोन-तीन प्रश्नांना मी नेहमीचेच बोलले. मी म्हणाले की माझ्याकडे लोक मोकळे होतात. त्यावर प्रश्न आला: ते मोकळे झाले, हे तुम्हाला कशावरून कळते? इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते. मी थांबून आठवले आणि सांगितले की, हातांवरून कळते. कॅमेऱ्यासमोर आलेल्या माणसाला आपल्या हातांचे काय करावे हे समजत नाही; तो ते मागे घेतो, खिशात घालतो, एकमेकांत अडकवतो. बोलता बोलता तो हात विसरला, की मी कॅमेरा उचलते. म्हणून पहिली वीस मिनिटे मी कॅमेरा पिशवीतच ठेवते.

बोलणे झाल्यावर त्यातली माझी वाक्ये शक्यतो जशीच्या तशी ठेवून मजकूर जुळवायला सांगितला. त्याने जोडलेली बहुतेक विशेषणे मी काढली, दोन परिच्छेदांची अदलाबदल केली आणि तो वेबसाइटवर घातला. त्या रात्री मला माझ्याच कामाबद्दल काही नवे कळले, हे मला मनापासून मान्य करायला हवे.

त्यानंतर मी जुन्या ग्राहकांचे अभिप्राय एकत्र केले. त्यातली नावे, ठिकाणे आणि घरगुती तपशील आधी काढून टाकले, कारण ती माणसे माझ्याशी बोलली होती, एखाद्या कंपनीच्या सर्व्हरशी नव्हे. मग विचारले, ही माणसे कोणते शब्द पुन्हा पुन्हा वापरतात? प्रकाश, लेन्स, रंगसंगती यांबद्दल जवळजवळ कोणीच लिहिले नव्हते, आणि माझी जुनी वेबसाइट मात्र त्यांनीच भरलेली होती. लोकांनी लिहिले होते ते 'घाई केली नाही' आणि 'बाबा किती दिवसांनी असे हसले' यांसारखे. हे सगळे अभिप्राय मी पूर्वी वाचलेले होते. पण एकेकटे, कौतुक म्हणून. एकत्र वाचल्यावर कळले की लोक माझ्याकडे नेमके कशासाठी येतात. शोधात लोक कोणते शब्द टाइप करत असतील, याचाही अंदाज मला त्या यादीवरून आला आणि पानांची शीर्षके मी त्याप्रमाणे बदलली.

छायाचित्रांच्या वर्णनांचे काम कंटाळवाणे आहे, पण ते फार दिवस टाळल्याची मला खंत वाटते. माझ्या वेबसाइटवर कितीतरी फायली कॅमेऱ्याने दिलेल्या आकडी नावांनीच पडून होत्या, ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्रात काय आहे हे सांगणारी ओळ, कशालाच नव्हते. हा पर्यायी मजकूर गुगलला चित्र समजून घ्यायला उपयोगी पडतोच, परंतु मुळात तो स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकासाठी आहे, आणि तो नसेल तर त्या वाचकाच्या दृष्टीने माझी सगळी छायाचित्रे म्हणजे नुसती रिकामी जागा. वस्तूंची छायाचित्रे मी एआयला दाखवून वर्णनाचा कच्चा मसुदा घेतला. मातीच्या भांड्यांना त्याने एकदा पितळेची म्हटले, म्हणून प्रत्येक ओळ तपासली. माणसांची छायाचित्रे मात्र मी त्याला दाखवत नाही. छायाचित्र वेबसाइटवर लावायची परवानगी ग्राहकाने मला दिली आहे; त्याचा चेहरा तिसऱ्या कोणाच्या यंत्रणेत घालायची परवानगी त्यात येत नाही. म्हणून अशा छायाचित्रांसाठी मी स्वतः एक वाक्य बोलते आणि एआय ते नीटनेटके करून देते. फायलींच्या आयपीटीसी मेटाडेटात, म्हणजे छायाचित्राच्या फायलीतच साठवल्या जाणाऱ्या माहितीत, माझे नाव आणि हक्कांची माहिती भरायचे कामही त्याच आठवड्यात उरकले.

सोशल मीडियासाठी एआयने महिन्याला ३० पोस्टचे वेळापत्रक सुचवले होते. मी त्यातल्या चार ठेवल्या.

चौकशीच्या ईमेलना उत्तरे देण्यात मला त्याची सर्वांत जास्त मदत होते, आणि मला सर्वांत जास्त सावध राहावे लागते तेही तिथेच. दिवसभर शूट असले की उत्तराला दोन-दोन दिवस लागत आणि तोवर लोक दुसरीकडे जात. आता तारीख, वेळ, किती जण, छायाचित्रे केव्हा मिळतील, अशा नेहमीच्या प्रश्नांचे मसुदे तयार असतात, आणि मी ते वाचून, बदलून पाठवते. पण मध्यंतरी एका मुलाने लिहिले की त्याची आई फार आजारी आहे आणि तिचे एक चांगले छायाचित्र लवकर काढून हवे आहे. तयार झालेला मसुदा उत्साहाने भरलेला होता. पहिल्याच ओळीत उद्गारचिन्ह होते आणि खाली तीन पॅकेजची तुलना होती. मी चुकून तसाच पाठवला असता तर, या विचाराने अजूनही अस्वस्थ वाटते. मी मसुदा पुसला आणि त्या मुलाला फोन केला. त्याच दिवशी ठरवले की कोणतेही उत्तर माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय आपोआप जाणार नाही, मग त्यामुळे एखादे काम हातचे गेले तरी चालेल.

जाहिरातीसाठी एआयने बनवलेले चित्र वापरावे का, हा प्रश्न मला अनेक सहव्यावसायिक विचारतात. माझे उत्तर नाही असेच आहे, आणि ते मी विचारपूर्वक देते. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने सोनी जागतिक छायाचित्रण पुरस्कारांच्या एका विभागात मिळालेले पारितोषिक नाकारले, कारण त्याने पाठवलेले चित्र एआयने तयार केलेले होते. पुढच्याच वर्षी माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने एका स्पर्धेच्या एआय विभागात फ्लेमिंगोचे खरेखुरे छायाचित्र पाठवले. ते आधी विजेते ठरले आणि नंतर बाद झाले. तज्ज्ञ परीक्षकांनाही नुसत्या नजरेने फरक कळेनासा झाला असेल, तर माझ्या ग्राहकाला तो कळावा अशी अपेक्षा मी कशी करू? म्हणजे तो फरक राखण्याची जबाबदारी माझ्यावरच येते. जाहिरातीत दाखवलेले छायाचित्र हा माझ्या कामाचा नमुना असतो. कधीच अस्तित्वात नसलेले कुटुंब मी त्यात हसताना दाखवले, तर मी न केलेले काम माझे म्हणून विकते आहे, असाच त्याचा अर्थ होईल.

यात सीमारेषा नेहमीच स्पष्ट असते असे नाही. २०२४ मध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाने 'मेड विथ एआय' (एआयने बनवलेले) असे लेबल लावायला सुरुवात केली, तेव्हा किरकोळ सुधारणा केलेल्या खऱ्या छायाचित्रांवरही ते लागल्याच्या तक्रारी छायाचित्रकारांनी केल्या, आणि काही आठवड्यांतच त्याचे नाव बदलून 'एआय इन्फो' करावे लागले. कॅमेऱ्यातच छायाचित्राच्या उगमाची नोंद करण्याची सोयही आली आहे. २०२३ मध्ये लायकाच्या एम११-पी या कॅमेऱ्यापासून तिची सुरुवात झाली. माझ्याकडे तसा कॅमेरा नाही. म्हणून मूळ रॉ फायली, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या, काहीही बदल न केलेल्या फायली, मी जपून ठेवते, आणि पार्श्वभूमीतली एखादी वायर काढली असेल तर ग्राहकाला तसे सांगते.

खोट्या अभिप्रायांबद्दल फार लिहायची गरज नाही. ते लिहून घेणे हा सरळ अप्रामाणिकपणा आहे, आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये एआयने लिहिलेल्या बनावट अभिप्रायांनाही नियमाने बंदी घातली आहे.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना करायला सांगेन. प्रत्येक चौकशी करणाऱ्याला 'माझे नाव तुम्हाला कसे कळले?' असे मी वर्षभर विचारले आणि उत्तरे वहीत लिहिली. अलीकडे ती यादी, नावे वगळून, एआयकडून वर्गवार लावून घेतली. निम्म्याहून अधिक लोक आधीच्या ग्राहकांच्या सांगण्यावरून आले होते, आणि माझा निम्म्याहून अधिक वेळ मात्र अनोळखी लोकांसाठी पोस्ट तयार करण्यात जात होता. आता मी जुन्या ग्राहकांना शूटला वर्ष झाले की पत्र लिहिते. तारखांची आठवण एआय करून देते, पत्र मात्र मी लिहिते.

आजच्या ईमेलच्या शेवटी त्या बाईंनी एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या वडिलांना ऐकू कमी येते, अनोळखी माणसांसमोर ते गप्पच बसतात. तर वीस मिनिटे पुरतील का? या उत्तरासाठी मी मसुदा मागवलेला नाही. पुरणार नाहीत, असे मी त्यांना लिहिले आहे, आणि विचारले आहे की वडिलांना हातांनी करायला काय आवडते. कारण ते काम त्यांच्यासमोर ठेवून मी शेजारी बसेन, आणि कॅमेरा किती वेळाने काढायचा ते तिथे गेल्यावर ठरवेन.