जे घडले नाही, त्याचे मानकरी

आमच्याकडे सन्मानाचे दोन दिवस ठरलेले आहेत, 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारी. ध्वजवंदन झाले की शाल, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र देऊन उत्कृष्ट सेवेचा गौरव होतो. ब्रह्मपुरी तालुक्यात वैनगंगेच्या काठी वसलेल्या आमच्या गावाने यंदा पूरकाळात सेवा बजावणाऱ्यांचा गौरव स्वतंत्रपणे करायचे ठरवले असून, नावे सुचवणाऱ्या समितीत गावातील शिक्षक म्हणून मलाही घेतले आहे. आपत्ती व्यवस्थापनातील उत्कृष्ट सेवा नेमकी कशाला म्हणावे, याविषयी माझे मत या निमित्ताने सविस्तर मांडतो.

बैठकीत सर्वांत आधी पुढे आली ती पुराच्या पाण्यात बोट घालणाऱ्यांची नावे. ती यायलाच हवीत, त्याबद्दल कोणाचे दुमत नाही. परंतु बोट पाण्यात घालावी लागण्याच्या कितीतरी आधी ज्यांनी आपले काम चोख केले आणि त्यामुळे बोटीची गरजच कमी पडली, त्यांची नावे कोणाच्याच ओठांवर आली नाहीत, आणि मला खटकले ते हेच. संकटातून वाचवलेला माणूस सर्वांना दिसतो. संकटात सापडलाच नाही असा माणूस कोणाला दिसत नाही, त्याचे त्यालाही ते कळत नाही.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस आलेला पूर या भागातील प्रत्येकाला आठवतो. आमच्या डोक्यावर फारसा पाऊस नव्हता. पाऊस झाला होता मध्य प्रदेशात. सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून पाणी सोडावे लागले, वाटेतल्या नद्यानाल्यांचे पाणी त्याला येऊन मिळाले, पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाचे सर्व 33 दरवाजे उघडावे लागले, आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. आमच्याच तालुक्यातील लाडज हे तर चारही बाजूंनी वैनगंगेने वेढलेले गाव; तेथील लोकांना बोटींतून बाहेर आणावे लागले. छायाचित्रे निघाली ती त्या बोटींची, आणि पुढे सन्मानही बव्हंशी त्या छायाचित्रांच्या आधारेच झाले.

वरच्या राज्यात पडलेल्या पावसाची वार्ता आमच्या गोठ्यापर्यंत कशी पोहोचते, हे मात्र छायाचित्रात मावत नाही. धरणावरचा कर्मचारी पाण्याची पातळी आणि विसर्ग दर तासाला मोजतो. भंडाऱ्याजवळच्या कारधा पुलावरची पातळी 245.50 मीटरच्या धोक्याच्या रेषेकडे किती वेगाने सरकते आहे, यावर पाटबंधारे खात्याच्या पूर नियंत्रण कक्षाचे लक्ष असते. तेथून निरोप जिल्हाधिकारी कार्यालयातील नियंत्रण कक्षात येतो, जेथे 1077 या क्रमांकावर पावसाळाभर रात्रंदिवस कोणीतरी बसलेले असते. मग तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी, आणि शेवटी पोलीस पाटील आणि कोतवाल. रात्रीच्या वेळी मोबाइलला रेंज नसलेल्या टोल्यावर, म्हणजे लहान वस्तीवर जाऊन, पावसात भिजत, दारोदार हाक देणारा कोतवाल हा या साखळीतील अल्प मोबदल्याचा आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक दुवा आहे. त्याची हाक वेळेवर आली तर शेतकरी नदीकाठचा मोटारपंप काढून आणतो, जनावरांची दावी सोडतो, धानाची पोती माळ्यावर चढवतो, घरची बाई रेशनकार्ड आणि पासबुक पदराला बांधून घेते. हाक एक तास उशिरा आली तर यातले काहीच होत नाही.

हाक आलीच नाही तर काय होते, हेही विदर्भाने पाहिलेले आहे. 30 जुलै 1991 रोजी नरखेड तालुक्यातील मोवाड येथे वर्धा नदीचा पूर घुसला आणि 204 माणसे गेली. त्या वेळी आपत्ती व्यवस्थापन कायदा नव्हता. तो 2005 मध्ये आला आणि त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण ही रचना उभी राहिली. मोवाडची आठवण ठेवून आजच्या यंत्रणेकडे पाहिले, तर जून महिन्यात होणारी मान्सूनपूर्व आढावा बैठक, बोटींची आणि लाइफ जॅकेटची तपासणी, पट्टीच्या पोहणाऱ्यांची यादी, तलावावरची रंगीत तालीम या गोष्टी कागदी वाटेनाशा होतात. हे सारे घडवून आणणारा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी अनेक ठिकाणी कंत्राटी पद्धतीने नेमलेला असतो, आणि दर वर्षी मुदतवाढीची वाट पाहत तो दुसऱ्यांच्या सुरक्षिततेची आखणी करत असतो. त्याचा गौरव करताना ही वस्तुस्थितीही व्यासपीठावरून बोलली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

गडचिरोलीतील भामरागडचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जाऊन भामरागडचा संपर्क तुटायचा, असे वर्षानुवर्षे होत आले आहे. अशा दुर्गम गावांसाठी पावसाळ्यापूर्वीच चार महिन्यांचे धान्य पोहोचवून ठेवले जाते. प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या गरोदर मातांची यादी आशाताई आधीच करतात, आणि त्या मातांना आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात, म्हणजे प्रसूतीपूर्वी राहण्यासाठी केलेल्या निवासात, आणून ठेवले जाते. ज्या रात्री नदी दुथडी भरून वाहते, त्या रात्री एखादी माता माहेरघरात सुखरूप बाळंत होते आणि त्या घटनेची बातमी होत नाही, कारण बातमी व्हावी असे तिथे काही घडलेलेच नसते. खाटेवर घालून पुरातून नेलेल्या गरोदर महिलेची बातमी होते, आणि तिला नेणाऱ्यांचे कौतुकही योग्यच असते. परंतु चार आठवडे आधी त्या मातेच्या सासूची समजूत घालून तिला माहेरघरात आणणाऱ्या आशाताईचे काम मला त्याहून तसूभरही कमी वाटत नाही.

देशपातळीवर याचा विचार झालेला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. केंद्र सरकारचा सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार दर वर्षी 23 जानेवारीला, नेताजींच्या जयंतीदिनी जाहीर होतो. संस्थेला 51 लाख रुपये आणि व्यक्तीला 5 लाख रुपये असे त्याचे स्वरूप आहे. बचावकार्याइतकेच प्रतिबंध, पूर्वतयारी आणि पूर्वसूचना हेही त्याच्या निकषांत बसते. 2023 मध्ये हा पुरस्कार ओडिशाच्या राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला आणि मिझोराममधील लुंगलेई अग्निशमन केंद्राला मिळाला. लुंगलेईच्या जवानांनी एप्रिल 2021 मध्ये शहराभोवती पसरलेल्या वणव्याशी 32 तासांहून अधिक काळ झुंज दिली होती. ओडिशाचे प्राधिकरण 1999 च्या महाचक्रीवादळानंतर उभे राहिले, आणि किनाऱ्यावरील गावांना वादळापूर्वी हलवणे हे त्याचे मोठे काम. एकाच वर्षी वणवा विझवणारे आणि माणसांना वादळाच्या वाटेतून आधीच बाजूला करणारे एका रांगेत उभे राहिले, याचे मला फार मोल वाटते. 2025 मध्ये तर हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राला, म्हणजे त्सुनामीची पूर्वसूचना देणाऱ्या संस्थेला, हा मान मिळाला. तालुक्याच्या आणि गावाच्या सन्मानात ही दृष्टी अजून उतरलेली नाही.

याचा अर्थ प्रत्यक्ष धोक्यात उडी घेणाऱ्यांचे मोल कमी करावे असा मुळीच नाही. 31 मे 2016 च्या पहाटेपूर्वी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा ती विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी स्फोटात सापडले आणि मृतांमध्ये त्यांचीच संख्या मोठी होती. 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन 1944 च्या मुंबई गोदीतील स्फोटात प्राण गमावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ पाळला जातो. त्या दिवशी विदर्भातील प्रत्येक शाळेत पुलगावचेही नाव घेतले जावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 पासून आपल्या नागपुरात आहे, आणि पुढे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत विलीन झालेले राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालयही 1957 मध्ये येथेच सुरू झाले. देशभरातील अधिकारी जेथे शिकायला येतात, त्या शहरापासून काही तासांच्या अंतरावरील आमच्या खेड्यांत आगीच्या वेळी बंब पोहोचेपर्यंत तणसाचे ढीग राख झालेले असतात, हे दुःख बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही.

आता आमच्या गावच्या नावांकडे येतो. ढिवर समाजातील दोघे भाऊ या यादीत असावेत, याविषयी पहिल्या बैठकीतच एकमत झाले. सरकारी बोट पोहोचण्यापूर्वी त्यांनी आपला डोंगा काढून खालच्या वस्तीतील म्हाताऱ्यांना शाळेच्या इमारतीत आणले होते. त्यांच्यातील थोरल्याला मी विचारले की, पाणी आणखी चढणार हे कसे ओळखले, तर तो म्हणाला, “गुरुजी, पानी कोन्या बाजूनं फुगते ते आमाले दिसते. धरनाचं पानी आन् पावसाचं पानी येगयेगळं येते.” हे ज्ञान कोणत्याही आराखड्यात नोंदलेले नाही. या भावांना शाल द्यावीच, पण त्यासोबत दोन चांगली लाइफ जॅकेट द्यावीत, तहसीलच्या पोहणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव चढवावे, आणि त्यांच्या घरातील तरुणांना आपदा मित्र प्रशिक्षणासाठी पाठवण्याची शिफारस ग्रामसभेने करावी, असे मी लेखी सुचवले आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 2016 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 12 दिवसांचे प्रशिक्षण, बचावसाहित्याचा संच आणि विमा यांची तरतूद आहे. विमा नसलेल्या माणसाला पुरात जायला लावायचे आणि नंतर त्याला श्रीफळ द्यायचे, हे मला पटत नाही.

त्यांच्या बरोबरीने मी आणखी तीन नावे मांडली आहेत. कोतवालाविषयी वर लिहिलेच आहे. दुसरे नाव आमच्या भागातील लाइनमनचे, ज्याने पाणी डीपीपर्यंत पोहोचण्यापूर्वी खालच्या वस्तीचा पुरवठा बंद केला आणि अंधारामुळे लोकांचा रोषही सहन केला. तिसरे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे. पूर ओसरल्यावर गाळ काढून प्रत्येक विहिरीत आणि टाकीत ठरल्या प्रमाणात ब्लीचिंग पावडर टाकण्याचे, आणि रोज पाणी तपासून पाहण्याचे काम त्याने कोणी मागे न लागता केले. पुरानंतर गावोगावी हगवण आणि काविळीची साथ येते. आमच्या गावात ती आली नाही.

समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी रास्त शंका काढली की, जे घडलेच नाही त्याचे श्रेय एखाद्याला कोणत्या पुराव्यावर द्यायचे. माझे उत्तर असे आहे की, पुरावा असतो. तो नोंदवहीत असतो. विसर्गाचा निरोप किती वाजता आला, दवंडी किती वाजता झाली, वीज कधी बंद केली, पहिले कुटुंब शाळेत कधी पोहोचले, क्लोरीनची तपासणी कोणत्या तारखांना झाली, या नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या की कोणी वेळ वाचवली हे स्पष्ट दिसते. म्हणूनच प्रशस्तिपत्राचा मजकूर बदलावा असा माझा आग्रह आहे. “आपण केलेल्या उल्लेखनीय कार्याबद्दल” एवढे एक वाक्य छापून खाली सही करणे म्हणजे काम न वाचताच त्याला गुण देणे होय. प्रत्येक पत्रावर त्या व्यक्तीने नेमके काय केले, कोणत्या वेळी केले आणि तेव्हा कशाची उणीव भासली, हे दहा-बारा ओळींत लिहावे, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत जपून ठेवावी, म्हणजे पुढच्या पुरात नव्या तलाठ्याला किंवा नव्या सरपंचाला ती हाताशी मिळेल. लाइफ जॅकेट कमी पडले होते, शाळेच्या किल्ल्या वेळेवर मिळाल्या नव्हत्या, अशा बाबीही त्यात याव्यात. गौरवपत्रात उणीव लिहिल्याने मानकऱ्याचा मान कमी होत नाही, उलट तो कोणत्या परिस्थितीत झगडला हे कळते.

समितीची पुढची बैठक ग्रामसभेपूर्वी होणार आहे. कोतवालाची वही, जलसुरक्षकाच्या नोंदी आणि शाळेतील निवारा केंद्राचे हजेरीपत्रक मी गोळा करत आहे. गावातील ज्या मंडळींच्या मोबाइलमध्ये त्या पूरकाळातील संदेश अथवा छायाचित्रे वेळेच्या नोंदीसह शिल्लक असतील, त्यांनी ती ग्रामपंचायत कार्यालयात आणून दाखवावीत. तिथल्या तिथे प्रत काढून घेऊन मोबाइल लगेच परत दिला जाईल.