तुम्ही विचारलंत म्हणून: लसूण-लवंगेवर मांस टिकेल का?

मी अन्नसूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे सॉसेज, कबाब किंवा खिम्याच्या कटलेटचा व्यवसाय करू पाहणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बचतगटांच्या ताई मला नेहमी विचारतात: लसूण, लवंग, कोकम घरातच असताना मांस टिकवायला बाहेरचे रसायन कशाला घालायचे?

प्रश्न रास्त आहे, कारण या पदार्थांत जिवाणूंना रोखण्याची ताकद खरोखरच असते. लवंगेतील युजेनॉल आणि ओव्यातील थायमॉल जिवाणूंच्या पेशींचे आवरण खिळखिळे करतात, तर लसूण ठेचल्यावर तयार होणारे ॲलिसिन त्यांची विकरे निकामी करते. प्रयोगशाळेत जिवाणू पसरलेल्या आगारच्या (जिवाणू वाढवण्यासाठी वापरतात त्या जेलीच्या) तबकडीवर लवंगतेलात बुडवलेली कागदी चकती ठेवली, की दुसऱ्या दिवशी सगळीकडे दुधाळ थर धरलेला असतो आणि चकतीभोवती मात्र स्वच्छ, पारदर्शक कडे उरलेले दिसते.

परंतु तबकडीत चरबी नसते. खिम्यात हीच तेले चरबीत विरघळतात, प्रथिनांना चिकटून बसतात, आणि ज्या पाणीदार भागात जिवाणू वाढतात तिथे त्यांचा फार थोडा अंश पोहोचतो. त्यामुळे मात्रा कितीतरी पट वाढवावी लागते, आणि एवढी लवंग घातलेले सॉसेज तोंडात धरवत नाही. कोकमाच्या आगळाचीही तीच गत होते, कारण त्याचा आंबटपणा मांसातील प्रथिने बऱ्याच अंशी झेलतात.

मग गोव्यातील म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजच्या, माळा पावसाळ्याच्या बेगमीला कशा टिकतात, असे लगेच विचारले जाते. त्यांत लसूण, मिरची, लवंग भरपूर असते हे खरे. पण मुख्य काम भरपूर मीठ, माडीचे व्हिनेगर आणि उन्हाने किंवा धुराने कमी झालेला ओलावा करतात. मसाला त्यांना हातभार लावतो.

एकट्या लसणीवर भिस्त ठेवण्याचा धोका किती मोठा आहे, हे 1985 साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरात दिसले. तिथे तेलात ठेवलेल्या, फ्रिजबाहेर राहिलेल्या चिरलेल्या लसणीतून अनेकांना बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पाडणारी जीवघेणी विषबाधा, झाला. मातीतून लसणीला चिकटून आलेल्या या जिवाणूच्या बीजाणूंना (सुप्तावस्थेतील चिवट रूपांना) तेलाखाली हवा नसलेली जागा मिळाली, आणि तिथे त्यांनी विष तयार केले. हवा काढून बंद केलेल्या मांसाच्या पाकिटातही तीच परिस्थिती असते, म्हणूनच तिथे या जिवाणूला रोखणारे नायट्राइट हे क्षार वापरतात. सेलरीच्या अर्कातून येणारे ‘नैसर्गिक’ नायट्राइटही शेवटी नायट्राइटच असते.

दुधातील एका लॅक्टिक जिवाणूपासून मिळणारे निसिन हे जिवाणूरोधक द्रव्य मला या सगळ्यांत अधिक भरवशाचे वाटते. फ्रिजच्या थंडीतही वाढणाऱ्या लिस्टेरिया या रोगकारक जिवाणूला आणि बोट्युलिझमच्या बीजाणूंना ते आवर घालते. मात्र थंड मांसावर बुळबुळीत थर आणणाऱ्या स्यूडोमोनास जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातून ते आत शिरू शकत नाही.

त्यामुळे माझा सल्ला असा, की लसूण-लवंग चवीच्या मापाने जरूर घाला, माल नीट शिजवून लगेच गार करा आणि उणे 18 अंशांवर गोठवूनच विका. आपल्याकडे पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. त्या काळात फ्रीझरमधील माल वितळून कोमट झाला, तर मसाल्याच्या भरवशावर तो पुन्हा गोठवून गिऱ्हाइकाला देऊ नका.