टाकीजवळचं गजानन

शेगावच्या आसपासच्या कुठल्याही फाट्यावर उतरा, ‘गजानन’ नावाचं एक तरी दुकान दिसतंच. बहुतेकदा तीन. एक मेडिकल, एक बिछायत केंद्र, एक कृषी सेवा केंद्र. गावाला त्याची काही अडचण नसते. ‘टाकीजवळचं गजानन’, ‘बँकेखालचं गजानन’ अशी वाटणी लोक आपसूक करून घेतात. अडचण होते ती अकोल्याहून ट्रान्सपोर्टनं येणाऱ्या मालाची. बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, मार्करनं नुसतं ‘गजानन, फाटा’ लिहिलेलं, ड्रायव्हरला घाई, आणि सलाइनची खोकी जाऊन बसतात सोयाबीनच्या थैल्यांवर.

दुकानाला देवाचं नाव देऊ नये असं नाही. त्यामागं आपला स्वतःचा एक शब्द हवा, इतकंच. तो शब्द शोधायला लांब जावं लागत नाही, वावरात पडलेलाच असतो. तिफण, वखर, डवरा ही अवजारं, धुरा म्हणजे बांध, बंडी म्हणजे बैलगाडी, ओलीत म्हणजे सिंचन. पाइप आणि तुषार संच विकणाऱ्यानं ‘गजानन ओलीत केंद्र’ म्हटलं की तो मेडिकलवाल्यापासून कायमचा सुटला. शिवाय हे शब्द आखूड आहेत, त्यामुळे लोकांना ते छाटावे लागत नाहीत. लांब नावाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सात शब्दांतला एक उरतो, आणि कोणता उरावा हे मालकाला कुणी विचारत नाही.

लांबीचा हिशेब फलकावर तर पट्टीनं मोजून येतो. पेंटर लोकांचा ढोबळ नियम असा, की दहा फुटांवरून नीट वाचायला एक इंच उंचीचं अक्षर लागतं. रस्ता साठ फुटांवर असेल तर सहा इंच. ‘श्री संत गजानन महाराज कृषी सेवा केंद्र’ यात अक्षरं सतरा आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा सहा, म्हणजे तेवीस घरं. दहा फुटी फलक १२० इंचांचा. कडा सोडल्या की एका घराला पाच इंचसुद्धा येत नाहीत. मग पेंटर अक्षरं दाबून बसवतो, किंवा ‘श्री संत’ कोपऱ्यात बारीक करतो. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात. सहा इंची अक्षराला उभी जागा नऊ-दहा इंच धरावी, नाहीतर ‘कृ’चा पाय फ्रेमच्या पट्टीखाली जातो.

आणि फ्लेक्स असेल तर रंग. लाल अक्षरं उठून दिसतात म्हणून सगळे लालच मागतात. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन पहिला घास लाल-पिवळ्याचाच घेतं. काळा आणि निळा टिकतो. वावधनात, म्हणजे वादळात, फ्लेक्स फाटणं वेगळंच.

जोडाक्षरांचा एक वेगळा ताप आहे. ‘उज्ज्वल’मध्ये दोन ज असतात, तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे गेल्यावर त्यातला एक हमखास गळतो. ‘आशीर्वाद’मधली दीर्घ शी ऱ्हस्व होऊन येते. हे फक्त शुद्धलेखनवाल्यांचं दुखणं म्हणून सोडता येत नाही, कारण तेच नाव पुढं इंग्रजीतही लिहायचं असतं. ‘श्री’ एका कागदावर शेवटी एक ‘आय’ लावून, दुसऱ्यावर दोन ‘ई’ लावून, तिसऱ्यावर मधला ‘एच’ गाळून. उद्यम नोंदणी, जीएसटी, बँकेचं चालू खातं, तिन्हीकडे तीन श्री झाल्या की बँकेतला माणूस कागद परत करतो, आणि त्याचं चूक नसतं. म्हणून पहिला अर्ज भरायच्या आधी नाव मराठीत आणि इंग्रजीत एका कागदावर लिहावं आणि पुढं प्रत्येक ठिकाणी त्यातूनच उतरवावं. दुकानाच्या नावाचा चेक मालकाच्या बचत खात्यात जमा होत नाही, हेही पहिला चेक हातात आल्यावरच कळायला नको. कृषी केंद्राला तर बियाणं, खत आणि कीटकनाशक असे तीन निरनिराळे परवाने. नंतर नाव बदलायची हौस आली तर तिन्ही टेबलं पुन्हा.

फलक मराठीत, देवनागरीत असावाच लागतो. महाराष्ट्राच्या दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांची दुकानंही यात आली. इंग्रजी खाली लिहायला मोकळीक आहे, पण मराठी अक्षर त्याहून लहान चालत नाही. त्याच दुरुस्तीनं दारूच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं बंद केली. ते बरंच झालं.

माल पाकिटात भरून बाहेरगावी जाणार असेल, बचत गटाचा मसाला, लोणचं, तर मामला ट्रेडमार्कपर्यंत जातो. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. मसाला तिसाव्या वर्गात, लोणचं एकोणतिसाव्या, म्हणजे दोन्ही हवे तर फी दोनदा. इथं देवाच्या नावाचा जोर चालत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अगरबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव एकट्याच्या मालकीचं होऊ दिलं नाही. ‘शुद्ध’, ‘चवदार’ असे नुसते गुण सांगणारे शब्दही सहसा अडतात. मिरचीच्या पाकिटावर ‘धुरा’ मात्र खपून जाईल, कारण धुऱ्याचा मिरचीशी संबंध नाही.

गावाचं नाव घालतानाही जपून. ‘वायगाव हळद’ हे भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या पिकासाठीच राखलेलं नाव आहे, वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं. सांगलीहून आणलेली हळद दळून पाकिटावर वायगाव छापलं तर ती नावाची हौस राहत नाही, कायद्याची भानगड होते. आणि दोनशे ग्रॅमच्या पाकिटावर वजन, किंमत, तारीख, पत्ता, अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक हे सगळं बसवल्यावर नावाला उरते ती जागा चार बोटांची.

भागीदारी असेल तर ‘बंधू’ लिहिण्याआधी करारपत्रात एक ओळ घालावी: वेगळं झाल्यास नाव कुणाकडे. ती ओळ नसली की समोरासमोर ‘न्यू’ आणि ‘जुने’ उभे राहतात, आणि वीस वर्षांनी ‘न्यू’वाल्याचाच फलक जास्त गंजलेला असतो.

फ्रेमच्या वेल्डिंगची ऑर्डर द्यायची घाई नको. नाव आधी शटरवर खडूनं लिहावं आणि एक आठवडी बाजार जाऊ द्यावा. पाचवीतल्या पोराला वाचायला लावावं. एसटी सुरू असताना तिच्या बाजूला उभं राहून फोनवर कुणाला तरी सांगावं आणि त्यानं काय ऐकलं ते परत विचारावं. ‘तिफण’चं ‘टिफिन’ ऐकू आलं, तर खडू पुसायला ओलं फडकं पुरतं.