साहेबांचं मत

खासदाराच्या ऑफिसात काम करतो म्हटलं की लोकांना वाटतं, आम्ही बसून कायदे लिहितो. प्रत्यक्षात निम्मा दिवस रेल्वेच्या इमर्जन्सी कोट्याची पत्रं आणि एम्समध्ये कुणाला बेड मिळतोय का, यात जातो. अधिवेशन आलं की मात्र आमची खरी गंमत सुरू होते, ती प्रश्नांची. लोकसभेत तारांकित प्रश्न दिवसाला वीसच, तेही सोडतीत निघाले तर, आणि त्यातले सभागृहात तोंडी विचारले जातात ते पहिले पाच-सहा. अतारांकित दोनशे तीस, त्यांना फक्त लेखी उत्तर. त्यामुळे प्रश्न असा घडवावा लागतो की मंत्रालयाला ‘माहिती संकलित केली जात आहे’ किंवा ‘हा विषय राज्याचा आहे’ म्हणून सुटता येऊ नये. ‘सरकार काय पावलं उचलत आहे’ असं विचारलं की दोन पानी कौतुक येतं. ‘किती मंजूर, किती वितरित, वर्षनिहाय’ असं विचारलं की तक्ता येतो. त्या तक्त्यासाठी मी एका प्रश्नाचे आठ-आठ खर्डे केले आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे.

अशासकीय विधेयकांचंही, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या विधेयकांचंही, तसंच. साहेबांची दोन विधेयकं मी बांधली. उद्देश व कारणांचं निवेदन, वित्तीय ज्ञापन, सरकारी खर्च येणार असेल तर राष्ट्रपतींची शिफारस, सगळं रीतसर. शुक्रवारी दुपारी साहेब उभे राहिले, पुरःस्थापित करण्याची अनुमती मागितली, अर्ध्या मिनिटात काम झालं. चर्चेच्या सोडतीत एकही निघालं नाही. स्वातंत्र्यानंतर अशी चौदाच विधेयकं कायदा झाली आहेत, शेवटचं 1970 साली. शुक्रवारी दुपारनंतर सभागृहात फार कुणी उरतही नाही, मतदारसंघाकडे जाणारी विमानं संध्याकाळची असतात.

वर्षअखेरीला या सगळ्याचा कार्यअहवाल निघतो. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेले साहेब. 2023 चा अहवाल माझ्याच हातून गेला. त्यात मी एक पान ‘महत्त्वाच्या कायद्यांवरील भूमिका’ म्हणून टाकलं होतं. डिझायनरला तिथे काहीतरी हवं होतं.

जानेवारीत मतदारसंघातल्या ऑफिसात होतो. एक निवृत्त मास्तर अहवाल घेऊन आले. अहवाल खरंच वाचलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पेन्सिलीने खुणा होत्या. त्यांनी ते पान उघडलं. वन संवर्धन कायद्याच्या दुरुस्तीसमोर छापलं होतं, ‘बाजूने मतदान केले.’

“हे कशावरून?” मास्तरांनी विचारलं.

मी म्हटलं, “म्हणजे, संसदेतलं मतदान, सर.”

“ते कळलं हो. नोंद कुठे आहे? मी शोधली. महिला आरक्षणाची सापडते, याची सापडत नाही.”

बरोबर होतं. महिला आरक्षण ही घटनादुरुस्ती. तिला उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं आणि एकूण सदस्यसंख्येचं बहुमतही लागतं, म्हणून मतविभाजन, म्हणजे कोण कुठल्या बाजूला याची नावानिशी मोजणी, टळत नाही. 20 सप्टेंबर 2023 ला नव्या इमारतीत चिठ्ठ्या वाटून ते झालं, हिरवी होकाराची, लाल नकाराची. 454 विरुद्ध 2. कोणाचं मत कुठे गेलं ते कुणालाही वाचता येतं. वन विधेयक त्याआधी जुलैत, जुन्या इमारतीत, मणिपूरवरून घोषणा चालू असताना आवाजी मतदानाने मंजूर झालं. अध्यक्षांच्या पीठावरून विचारतात, बाजूचे ‘हाँ’ म्हणा, विरोधातले ‘ना’ म्हणा, आणि निर्णय जाहीर होतो. मतविभाजन मागावं लागतं. मागितलं तरी, ते विनाकारण मागितलंय असं पीठाला वाटलं तर सदस्यांना जागेवर उभं करून नुसती डोकी मोजता येतात, नावं लिहायची नाहीत, असा नियमच आहे. बहुतेक साधे कायदे असे आवाजात होतात. खासदाराची हजेरी मोजतात, प्रश्न मोजतात, भाषणं मोजतात, त्यावरून क्रमांक लावतात. आणि ज्यासाठी निवडून दिलं, त्या मताच्या रकान्यात बहुतेक दिवशी लिहायला काही नसतं.

मास्तरांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग तुम्ही छापलंत कशावरून?”

पक्ष सरकारच्या बाजूचा, म्हणून. व्हिप, म्हणजे असंच मत द्या असा पक्षाचा आदेश, निघाला की विरोधात जायचं नसतं. 1985 पासून घटनेच्या दहाव्या परिशिष्टात तशी तरतूद आहे, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. हे मी बोललो नाही. “तपासून कळवतो,” म्हणालो.

त्या रात्री कामकाजाचं रेकॉर्डिंग काढून बसलो. पीठावरून प्रश्न विचारला जातो तेव्हा कॅमेरा पीठावरच असतो. सभागृहातून येतो तो एक घुमारा, त्यात साहेबांचा आवाज ओळखणं म्हणजे जत्रेत घरचा ढोल ओळखणं. एकदाच लांबून घेतलेलं दृश्य आलं, जेमतेम दोन सेकंदांचं. मी ते थांबवून, मोठं करून पाहिलं. मागच्या रांगांत पांढरे शर्ट, एकावर एक. साहेबांच्या जागेवर एक पांढरा ठिपका होता खरा. पण ओठ हलले का, तो ठिपका साहेबच होते का, की शेजारचा सरकून बसला होता, काही सांगता येईना. रात्री दीडला मी एका ठिपक्याच्या तोंडाकडे टक लावून बसलो होतो.

मास्तरांना फोन करून सांगितलं, नोंद नाही, ते वाक्य चुकीचं आहे. “बरं,” म्हणाले. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

पुढच्या आवृत्तीत मी ती ओळ बदलली. ‘विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले. खासदार त्या वेळी सभागृहात उपस्थित होते.’ हजेरीत त्या दिवशीची सही होती. सही सकाळी केली तरी तेव्हा दिवसभराची धरत, एवढं मलाही माहीत होतं. प्रूफ साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून ती ओळ दोनदा वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

“होतो का रे मी तेव्हा?”