सरळ विचारावं

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, औसा तालुका

वरच्या रानात वापसा आलाय. चार-सहा दिवसांत हरभरा पेरता येईल. तेरणेकाठचं खालचं रान मात्र पुरात खरडून गेलं, तिथं आता नुसते दगडगोटे दिसतात. सोयाबीन काढणीला आलं होतं, उभ्या शेंगांना कोंब फुटले. हे सगळं घरोघरचं आहे. मला आज लिहायचंय ते भाऊजींबद्दल.

पूर ओसरल्यापासून धाकट्या भाऊजींनी बोलणंच सोडलं होतं. पुढ्यातलं ताट तसंच राहायचं. रात्री उठून गोठ्यात जाऊन बसायचे. येणारा-जाणारा म्हणायचा, "धीर धरा, गडीमाणसानं असं खचून कसं चालंल?" हे ऐकलं की माझा जीव तुटायचा. आधीच खचलेल्या माणसाला असं म्हटलं की राहिलेलं बोलणंही तो गिळून टाकतो.

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, आडून आडून नका विचारू. मरायचे विचार येतेत का, असं सरळ विचारा." माझ्या पोटात गोळाच आला. असं विचारून नसता विचार डोक्यात घातल्यासारखं होईल, असंच आपल्याकडं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही, हे तिला प्रशिक्षणात शिकवलंय. विचारल्यानं विचार येत नाही, आत असेल तर बाहेर यायला वाट मिळते.

चहा घेऊन गोठ्यात गेले. विचारलं. भाऊजी बराच वेळ म्हशीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कधी कधी येतेत, वहिनी." आणि लहान लेकरासारखे रडले.

त्यानंतर आम्ही त्यांना एकटं सोडलं नाही. ह्यांनी फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात टाकली, किल्ली सासूबाईंच्या कनवटीला. हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. तो विचार कित्येकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या घडीला हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो. मग १४४१६ ला फोन लावला. ही सरकारची मनाच्या त्रासावर बोलायची टेलिमानस सेवा, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागते. पलीकडची बाई मराठीत, घाई न करता बोलली. भाऊजी तिच्याशी जे बोलले ते आम्ही विचारलं नाही. तिनं सांगितल्यावरून लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्या चालू आहेत. आता झोप लागते.

एका संध्याकाळी सगळं देणं कागदावर मांडलं. पीककर्ज, खताच्या दुकानाची उधारी, पाहुण्यांकडून घेतलेले हातउसने. आकडा मोठाच निघाला, पण निदान आकडा तरी कळला. नुसत्या धास्तीला काही करता येत नाही, आकड्याचं काहीतरी करता येतं. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं असेल तर पीककर्जाचं पुनर्गठन करून, म्हणजे फेडायची मुदत वाढवून घेता येते, हे त्या बैठकीतच पुढं आलं.

सासूबाई किल्लारीजवळच्या. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला, त्यात त्यांचं माहेर गेलं. त्या दिवसांबद्दल त्या फारसं बोलत नाहीत. परवा भाऊजींच्या उशाशी बसून म्हणाल्या, "पत्र्याच्या शेडात आमी एकमेकीला एकटं बसू दिलं न्हाई बग. कुणी गप झाली की दुसरी तिला दळायला घिऊन जायची." एवढंच सांगितलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

माझंही सांगते. पहाटे जाग येते, छातीत धडधडतं. तेव्हा श्वास सावकाश सोडते, घेतला त्यापेक्षा लांब. थोड्या वेळानं अंग सैल पडतं. पुराचे व्हिडिओ बघणं बंद केलंय, झोपताना तर फोन दुसऱ्या खोलीत. ह्यांच्याशीही रोज थोडं बोलते, कारण थोरले म्हणून तेही गप्पच असतात. त्यांनाही विचारलं. "तसं काही नाही, पण बरं केलंस विचारलं," म्हणाले.

उद्या बँकेत पुनर्गठनाचा अर्ज द्यायचाय. सातबारा, पंचनाम्याची प्रत पिशवीत ठेवलीय. दोघं भाऊ जाणार होते, पण भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमीबी चला. तिथं नीट विचारायला तुमीच पायजे."